दोर कोण धरीन?

आमचा धंदा झाडं छाटायचा. लाकूड आरामशीनवर जाते, पाला बकऱ्या खातात, काड्या शेजारपाजारचे चुलीसाठी नेतात. किस्से मात्र कोणीच नेत नाही! ते आमच्याच पदरात पडतात, अन् चहाची टपरी दिसली की बाहेर निघतात.

अमरावतीत आमची छोटीशी गँग. मी गाडी चालवतो, फोन घेतो अन् गिऱ्हाइकाशी भांडतो. झाडावर चढणार वासुदेवभाऊ. त्यायच्या बेल्टले बांधलेला दोर वरच्या फांदीवरून फिरून खाली वंदनाच्या हातात. भाऊचा पाय सटकला तं वंदनानं दोर आवळायचा. म्हणजे भाऊचा जीवच तिच्या मुठीत.

म्हणून भाऊचा एक कायदा हाय. दोरवाल्यानं "उतर" म्हटलं की चढणाऱ्यानं उतरायचं. काहून ते खाली येऊन विचारायचं. वर बसून वाद नाही!

औंदा भाऊचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणे, झाड बंद. शोभावहिनी मले म्हणाल्या, "हे पुन्हा झाडावर दिसले तं तुमचा आमच्या घरचा चहा बंद!" मंग नवा माणूस पाहून, शिकवून तयार करणं आलं. पारख करणार अर्थातच भाऊ. अन् भाऊले कोणी पसंतच पडेना! पोरीच्या बापानं काय इतके जावई नाकारले असतील!

*

पहिला आला शेंदूरजनाघाटचा. बोलणं असं की विचारू नका! "भाऊ, मी संत्र्याच्या बगिच्यातच लहानाचा मोठा झालो. झाड म्हणजे मले घरच्यासारखं."

भाऊनं हेल्मेट-बेल्ट चढवून कडुनिंबावर पाठवला. गडी दणादण निघाला, आमी खूश. अन् आमच्या डोक्याच्या जरासाच वर जाऊन थांबला.

"काहून थांबला बे?" भाऊ ओरडले.

"भाऊ, आमचं झाड इथंच संपते!"

*

दुसरा अकोल्याचा अन्सार. झुल्यावर बसून बिल्डिंगा रंगवायचा, त्याच्यामुळे उंचीची सवय. मी म्हटलं, चला, सुटलो! बेल्ट घालून तयार झाला तसा भाऊनं त्यायचा नेहमीचा प्रश्न विचारला, "भेव वाटते का?"

"डर? वो क्या होता है, चाचा?"

"मंग बेटा, तू घरी जाय."

मले असा राग आला! मी म्हटलं, "भाऊ, डेअरिंगबाज माणूस हाय, अन् तुमी त्याले वापस पाठवता?" भाऊनं अन्सारच्या बेल्टले बोट लावलं. बक्कल उघडंच!

"भेव असतं तं यानं आधी हे पाहिलं असतं," भाऊ म्हणाले.

अन्सारनं बक्कल पाहिलं, वर झाडाकडे पाहिलं. "अब आया डर, चाचा!" म्हणाला, अन् आमाले चहा पाजून गेला.

*

ही बातमी फैलली. मंग काय! जो येईन तो हात जोडून म्हणे, "भाऊ, मले लय भेव वाटते!"

बडनेऱ्याचा एक जण तं खरंच बोलला होता. पहिल्या फांदीवर बसला अन् खोडाले जी मिठी मारली, ती सोडेच ना. उतर म्हटलं की डोळे मिटून घे. दुपार झाली. शेवटी आमी डबा दोरानं वर पाठवला. पोळी, भाजी, ठेचा, सगळं साफ केलं लेकानं! जेवताना मात्र दोन्ही हात सुटले होते.

"आता तरी उतर ना बाप्पा!" मी म्हटलं.

"चहा नाही का?"

वंदना म्हणाली, "चहा खालीच भेटते."

उतरला!

*

असा एकेक नापास होऊन गेला की वंदना विचारे, "भाऊ, मी चढू?"

भाऊचं उत्तर ठरलेलं. "तू चढली तं दोर कोण धरीन?"

तिचं चढायचं लय मन. जेवणाच्या सुट्टीत बेल्ट घालून सराव करे. भाऊ गाठी शिकवत, चुका काढत, खालच्या फांदीपर्यंत वर-खाली करून घेत. पण नवा कोणी चढायले आला की पुन्हा दोर तिच्याच हातात! मले वाईट वाटे. पण भाऊपुढे बोलणार कोण?

*

अकोल्याची एक शाळा. पोरं खेळतात त्या जागेवर चिंचेची वाळकी फांदी लटकलेली, अन् दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होणार. चढणारा कोणी नाही.

"आजच्या दिवस मीच जातो," भाऊ म्हणाले. "शोभाले सांगू नका."

मी नाही नाही म्हणतच राहिलो. ऐकतील तं भाऊ कायचे! बेल्ट बांधला अन् निघाले. पहिल्या बेचक्यात पोचतात न पोचतात तं खालून वंदनाचा आवाज आला.

"भाऊ, उतरा!"

"काहून?"

"काहून ते खाली येऊन विचारा!"

भाऊ लालबुंद! पण कायदा त्यायचाच. उतरले. मले वाटलं, आता हिचं काम गेलं.

"बोल, काय झालं?"

"तुमचा गुडघा लटलट कापून राहिला. मले खालून दिसते." वंदनानं दोर गुंडाळायले घेतला. "तुमी नापास, भाऊ."

भाऊनं एकदा चिंचेकडे पाहिलं, एकदा गुडघ्याकडे. मंग बेल्ट काढून वंदनाले दिला. तिनं बांधल्यावर भाऊनं बक्कल स्वतः ओढून पाहिलं, हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं, अन् दोर आपल्या हातात घेतला.

वंदना निघाली. हळूहळू, प्रत्येक फांदी दाबून पाहत. भाऊ मान वर करून उभे, पापणी लवू देत नव्हते. ती वाळक्या फांदीपाशी पोचली तसं त्यायच्यानं राहवलं नाही.

"वंदे, भेव वाटते का?"

"वाटते!"

"कायचं?"

"तुमचं! दोर धरायले तुमी नवीनच न, भाऊ!"