पेन्सिलीच्या दोन रेघा आणि एक रिकामी ओळ

दुसरा पूल ओलांडल्यावर खात्रीकाका चौथ्यांदा थांबले आणि त्यांनी मागे वळून बघितलं.

"बाई, तू कुणाला बोलली नाहीस ना?"

"नाही हो काका."

"नवऱ्याला?"

"बाजारात जाते म्हणाले."

"म्हणजे तू खोटं बोलतेस. लक्षात ठेवायला हवं."

नदीपलीकडचं जुनं चर्च नऊ किलोमीटरवर. बस होती, पण तिचा कंडक्टर काकांच्या धाकट्या भावाचा जावई. म्हणून ही पायपीट.

काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. काहीही सांगा, "खात्री काय?" हा प्रश्न ठरलेला, म्हणून ते नाव पडलं. रंगाचा नवा डबासुद्धा ढवळून, हुंगून, नखावर लावून बघितल्याशिवाय वापरायचे नाहीत. गेल्या वर्षी आईच्या दफनाला भाऊ चारचौघांत म्हणाला, "वडिलांशेजारची कबरीची जागा रक्ताच्या माणसाला. हा आईबरोबर आलेला." साठी उलटलेल्या माणसाला हे त्या दिवशी कळलं. ज्यानं हातात ब्रश दिला, तो बाप आपला नव्हेच? पाळकसाहेब म्हणाले, "नदीपलीकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बाप म्हणून त्यांचं नाव असेल, तर जागा तुमची."

तरी वर्षभर काका वही बघायला गेले नाहीत. घाबरत असावेत.

मग आमच्या चर्चमध्ये येशूच्या वंशावळीचा फलक लावायचं ठरलं. मी रविवारी मुलांना शिकवते, म्हणून नावं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो, चौदा, चौदा आणि चौदा पिढ्या. काकांनी तीन रकाने आखले, प्रत्येकात चौदा ओळी. येशूचं नाव लिहून झालं आणि शेवटच्या रकान्यात एक ओळ उरली.

"एक नाव गाळलंस तू."

मी तीनदा वाचलं. तेराच भरली. पाळकसाहेब म्हणाले, काही जण यखन्या राजाला दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही रकान्यांत मोजतात.

"एकाला दोनदा मोजतात," काका शिडीवरूनच म्हणाले, "आणि मला एकदासुद्धा नाही."

तेव्हापासून ते माझ्या मागे लागले, वही बघायला चल म्हणाले, आणि प्रश्न काही थांबेनात. आताही, रस्त्यावर.

"संदेष्ट्यांनी सांगितलं होतं, तारणारा दावीदाच्या वंशात येईल. बरोबर?"

"बरोबर. यशया म्हणतो, इशायाच्या बुंध्याला अंकुर फुटेल. इशाय म्हणजे दावीदाचा बाप."

"आणि यादी कुणाची? मरीयेच्या नवऱ्याची, योसेफाची. योसेफ तर त्याचा जन्मदाता नव्हे. मग तो अंकुर त्याच बुंध्याचा, की कलम बांधलेलं?"

मला आलं तसं सांगितलं. "देवदूतानं योसेफालाच सांगितलं, मुलाचं नाव तू ठेव. त्यानं नाव ठेवलं, म्हणजे पोर आपलं म्हणून पदरात घेतलं. दावीदाचं घराणं त्याला तिथून मिळालं. मी तरी असं मानते."

"म्हणजे बाप म्हणाला, 'माझा.' एवढ्यावर?"

"एवढ्यावर."

"लूकच्या शुभवर्तमानातल्या यादीत योसेफाचा बाप मत्तयासारखा याकोब नाही, एली आहे. हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वाचलंत?"

"तुझ्यावर विसंबून राहतो की काय!"

चर्चच्या कार्यालयात एक कारकूनबाई होत्या. त्यांनी कपाटातून वही काढली. काकांनी आधी शिवण तपासली, पान उजेडात धरलं, खाडाखोड आहे का म्हणून बोटानं चाचपलं. त्यांच्या नावाची नोंद सापडली. बाप्तिस्म्याच्या वेळी वय तीन वर्षं. बापाच्या रकान्यात त्याच बापाचं नाव होतं, पण अक्षर वेगळं. बाकी सगळं पान एका हातचं, एवढंच नाव दुसऱ्याचं.

काकांचा चेहरा उतरला. "मागाहून घुसडलंय. भाऊ हेच म्हणणार."

कारकूनबाईंनी खोडरबर उचललं. "कुणी पेन्सिलीनं गिरगटलंय बघा. थांबा, साफ करते."

काकांनी त्यांचा हातच धरला. "हात लावू नका!"

नावाच्या वर एक, खाली एक, अशा दोन फिक्या रेघा होत्या. वहीला छापील ओळी असूनही कुणीतरी पट्टीनं आखलेल्या. काका वाकून बघत राहिले.

"पाटीवाला आहे हा," ते हळूच म्हणाले. "आम्ही रेघा आखल्याशिवाय अक्षर काढत नाही. सही करायला दिली, तरी हा माणूस आधी खिशातून पट्टी काढायचा. आई हसायची." मग म्हणाले, "मला ओरडायचा, रेघा पुसल्याशिवाय काम सोडू नकोस म्हणून. आणि स्वतः विसरला."

मी मनात देवाचे आभार मानले. काका मात्र कपाटाचं कुलूप ओढून बघत होते.

परतताना आम्ही पुलाजवळ आलो. मीच विचारलं, "फलकावरच्या त्या ओळीचं काय करायचं?"

"राहू दे रिकामी. कुणाला मोजायचं राहिलं असेल तर?"

पुलावर ते थांबले. मागे बघितलं. कुणी नव्हतं.

"बाई, भावाला कळलं की तो वही बघायला येईल. ती बाई खोडरबर घेऊन बसलेलीच आहे. मी मेल्यावर मला बापाशेजारी पुरेपर्यंत तू महिन्यातून एकदा ये, पान उघड, आणि रेघा आहेत का बघ. दोन्ही बघ, एक नाही. आणि बसनं येऊ नकोस."