अब्बासभाईंनी वाढवलेला रेडा

अब्बासभाईंच्या बायकोचा, सायराभाभींचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका वासराला सलाइन लावत होते. "हे गेले, बाई," एवढंच त्या म्हणाल्या. अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले... तीन आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. राग मात्र रोज येतो.

मी इथली सरकारी पशुवैद्य. नोकरीत नवी असताना शेलार गावाजवळच्या त्यांच्या घरी लस द्यायला गेले होते. अब्बासभाई म्हशीच्या एका पारड्याला बाटलीने दूध पाजत होते. तबेल्यांत नर पारडू कुणाला नको असतं. पुढे दूध देणार नाही म्हणून त्याला उपाशी बांधून ठेवतात, चार दिवसांत ते मरतं. असं एखादं ते उचलून आणायचे, तीन वर्षं सांभाळायचे आणि बकरी ईदला त्याची कुर्बानी करायचे. मी शाकाहारी घरातली. इतक्या मायेने वाढवून कापवतं कसं, असं मी तोंडावर विचारलं. ते चिडले नाहीत. "माया न्हाय केली तर ती कुर्बानी कसली?" म्हणाले.

शेवटचे तीन महिने रेड्याचं चरणं बंद व्हायचं. सावलीत बांधून चुणी, सरकीची ढेप, हिरवा चारा, तेही बेताबेताने वाढवत. एकदम वाढवलं की पोट फुगतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ते हाताला कळायचं. फासळ्यांवर तळवा ठेवून सांगायचे, अजून पंधरा दिवस. आणि शेवटच्या दिवशी त्याच्याजवळ कुणी आवाज चढवायचा नाही, कारण भ्यालेल्या जनावराचं मांस काळपट पडतं.

दोन वर्षांपूर्वी असाच एक रेडा तपासून मी कुर्बानीसाठीचा दाखला दिला. ईदसाठी ठरवून दिलेल्या जागी टेम्पो निघाला आणि रस्त्यात काही जणांनी अडवला. गाय आहे म्हणाले. अब्बासभाईंनी दाखला पुढे केला, तो फाडला. रेडा आहे, डोळ्यांनी बघा, असं सांगणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या थोबाडीत मारली. रेडा जप्त होऊन एका निवाऱ्यात गेला. मी चौकीत जाऊन सांगितलं, सही माझी आहे. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही यात पडू नका. मी घरी आले. हो, मुकाट्याने घरी आले.

जनावर परत देण्याचा कोर्टाचा हुकूम यायला चार महिने लागले. आणायला मी सोबत गेले. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, तो तर दीड महिन्यापूर्वीच मेला. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. उरलेल्या जनावरांच्या फासळ्या दुरून मोजता येत होत्या. अब्बासभाईंनी एकच विचारलं, "पाणी व्हतं का त्याच्यापुढं?"

जनावर वाचवलं म्हणून फोटो काढून घेणाऱ्यांतलं तिथे कुणीच नव्हतं... त्यानंतर अब्बासभाईंनी पारडू आणलं नाही.

मागच्या आठवड्यात भेटायला गेले. गोठ्यात एक काळं पारडू उभं होतं, पायांत धड बळ नसलेलं. सायराभाभी स्वतः तबेल्यात जाऊन घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, दाखला पुन्हा फाडतील.

"फाडू दे. तुम्ही दुसरा लिवाल ना?"

लिहीन म्हटलं. आणि या वेळी टेम्पोत मी बसणार आहे.