जर्मनीला गेलेली पाठराखीण

आमच्या वरच्या भाऊजींनी एक डोळा मिटून पाहिल्याशिवाय आमच्या ब्लॉकमधली कुठलीही वस्तू सरळ आहे असं मानायची कोणाची छाती नव्हती. भाऊजी म्हणजे काही माझे सख्खे नव्हेत. भिलाईला आमच्या सेक्टरमध्ये दुमजली ब्लॉक होते. खाली आम्ही आणि आमच्या डोक्यावर ते, म्हणून वरचे भाऊजी. प्लांटच्या रेल मिलमध्ये ते इन्स्पेक्शनला होते. तयार रुळाच्या टोकाशी वाकायचं, एक डोळा मिटायचा, वाक दिसला की खडूनं फुली, नाही दिसला की बरोबरची खूण, हे काम जन्मभर केलेला माणूस. पण भोंगा झाला, ड्यूटी सुटली, तरी यांचं इन्स्पेक्शन सुटायचं नाही. शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा कायम. मी अंगणात कपडे वाळत घालायची दोरी बांधली की हे जिना उतरून येणार, दोरीच्या टोकाशी डोळा लावणार आणि म्हणणार, "वहिनी, मधात झोल आहे." आमच्या पोराची बॅट, गणपतीच्या मांडवाचे बांबू, शेजारच्या मद्रासी बाईंनी पहाटे उठून काढलेली रांगोळी, कोणी म्हणून सुटलं नाही. आमच्या मागच्या दाराला त्यांनी एकदा फुली मारली. मी ती ओल्या फडक्यानं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली. शेवटी दार खरंच वाकडं आहे हे मला कळलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

घरात ते आणि त्यांची नंदा, दोघंच. नंदाची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून या माणसानं पोरीच्या वेण्या घातल्या, आणि वेणीचा भांग किती सरळ असे हे काय सांगायला हवं! तिच्या लग्नाचं पाहायला लागले तेव्हा मात्र आम्ही सगळ्यांनी हात टेकले. एक मुलगा चालताना डावीकडे झुकतो म्हणून गेला, एकाची सही वर चढत जाते म्हणून गेला. एकाला तर नुसतं "घरात घुसताना त्यानं चपला तिरप्या काढल्या" म्हणून परत पाठवलं. जो शेवटी पास झाला तो वर्ध्याकडचा, साधा, कमी बोलणारा, आणि नोकरीला थेट जर्मनीत! त्याला दारात उभं करून भाऊजींनी एक डोळा मिटला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "या पोट्ट्यात वाक नाही, वहिनी. पण लय लांब आहे हो."

आणि अशा या माणसाच्या घरात भुरी होती. भुरी म्हणजे जवळच्या उतई गावच्या बाजारातून आलेली गावठी कुत्री. मागचे दोन पाय धनुष्यासारखे, एक कान उभा आणि एक पडलेला, शेपटी डावीकडे वळलेली. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "भाऊजी, हिला कोणी पास केलं?" तर म्हणाले, "नंदीनं केलं. तिथं आपलं काही चालत नाही." भुरीचा आवाज आमच्या सेक्टरलाच काय, शेजारच्या सेक्टरलाही पाठ होता. ती दूधवाल्यावर भुंके, प्लांटच्या भोंग्यावर भुंके, कोणी शिंकलं तर त्यावरही भुंके. नंदाच्या लग्नात बँडवाल्यांवर इतकी भुंकली की त्यांनी दोन गाणी कमीच वाजवली.

लग्न करून जावई सुटी संपली म्हणून परत गेले आणि व्हिसा येईपर्यंत नंदा माहेरीच राहिली. त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या सासूबाई ओसरीत चिंचा फोडत बसल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "पोरगी इतक्या दूर चालली, अन् पाठराखीण कोण जाऊन राहिली तिच्यासंगं?" आता नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिला एकटं वाटू नये म्हणून माहेरचं एक माणूस सोबत जातं, ही रीत वर्ध्याला ठीक आहे, वरोऱ्याला ठीक आहे. जर्मनीला कोण जाणार? मी हसून सोडून दिलं. पण भाऊजी हसले नाहीत. ते वर गेले, जेवले नाहीत, आणि संध्याकाळी खाली येऊन म्हणाले, "तिची माय असती तं तिनं पाठराखणीबिगर पोरगी धाडली नसती. जावई दिवसभर कामावर. पोरगी चार भिंतीत कोणाशी बोलीन? माणूस नाही तं नाही. भुरी जाईन."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण त्यांनी जावयांना ट्रंककॉल लावला, सगळा ब्लॉक ऐकेल अशा आवाजात परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून भुरी जर्मनीच्या तयारीला लागली. म्हणजे आम्हीच लागलो. पहिली पेटी त्यांनी सुताराकडून अशी करून घेतली की तिच्यात हत्ती पाठवता आला असता. ती जिन्यावरून खाली येईना, मग स्वतःच तिला फुली मारली. दुसरी प्लायवुडची, हलकी, पुढे जाळी, ती पास झाली. मग थंडी. बाहेर मे महिना पेटलेला, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी लोकर घेऊन कुत्रीचं स्वेटर विणत बसले होते! बाह्या चार, आणि चारही सारख्या पाहिजेत म्हणून दोनदा उसवायला लावलं. ते घालून भुरीला कूलरसमोर बसवायचे, थंडीची सवय व्हावी म्हणून. भुरीला जर्मनी इतकी आवडली की ती कूलरसमोरून हलेचना, आणि भाऊजी पलीकडे घामानं निथळत पेपरानं वारा घेत बसलेले. खाण्याचं तेच. तिकडे पाव मिळतो म्हणून इकडे भात बंद आणि पाव सुरू. भुरी पावाचा तुकडा अदबीनं तोंडात घ्यायची, जिना उतरून खाली यायची आणि माझ्या तुळशीपाशी पुरून जायची. कोणी रशियाला ट्रेनिंगला जाऊन आलेल्या साहेबांनी सांगितलं की विमान वर चढताना कान दुखतात, गोळी चघळावी लागते. झालं! भाऊजी तिला पेपरमिंट चघळायला शिकवायला बसले. ती कुडुम करून चावायची आणि पुढच्या गोळीसाठी हात चाटायची. पावशेर गोळ्या संपल्यावर तो विषय त्यांनी सोडला.

दुर्गला जनावरांच्या डॉक्टरांकडे सुई टोचायला आणि दाखला घ्यायला गेले तेव्हा आमचे हे त्यांच्या सोबत होते. डॉक्टरांनी भुरीकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "ये? विदेश जाएगी?" भाऊजी म्हणाले, "हाँ, लड़की के साथ।" डॉक्टर म्हणाले, "नसल क्या लिखूँ?" भाऊजींनी सांगितलं, "उतई।" आमचे हे सांगतात की त्यांनी ते इतक्या रुबाबात सांगितलं की डॉक्टरांनी जात आपल्यालाच माहीत नाही असं समजून मुकाट्यानं लिहून घेतलं.

पण खरी अडचण होती भुंकण्याची. पेटीत भुंकणारं कुत्रं विमानवाले घेणार नाहीत, असं भाऊजींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग रोज संध्याकाळी अंगणात पेटी, पेटीत भुरी आणि समोर पाटावर मूठभर सुकट घेऊन भाऊजी. भुंकली की काही नाही, गप्प राहिली की एक सुकट. विमानाचा आवाज म्हणून आमच्या ह्यांची स्कूटर पेटीशेजारी नुसतीच चालू ठेवायची, माझा मिक्सर रिकामाच फिरवायचा. सुरुवातीला भुरीनं आकाशपाताळ एक केलं. पण सुकटीचं बळ मोठं, आणि भाऊजींची चिकाटी त्याहून मोठी. पाऊस लागेपर्यंत भुरी पेटीत शिरली की मुनी होऊन बसायला लागली.

एका दुपारी नंदा माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडायलाच लागली. "काकू, मला नाही न्यायची भुरी. बाबा सुनतेच नहीं. मी गेले, भुरी पण गेली, तो वो अकेले किससे बात करेंगे? तुम्ही तरी सांगा ना." खरं सांगते, तोवर आम्ही सगळे त्या तयारीची मजाच पाहत होतो. मी त्याच संध्याकाळी भाऊजींना गाठलं. म्हटलं, "नंदाची सोय केलीत, तुमच्याजवळ कोण?" तर म्हणतात, "मी का नवी नवरी आहो? मले कायले पाठराखीण?" मी काही हटले नाही, नंदाही हटली नाही. शेवटी खूप वादावादी होऊन एवढं ठरलं की दुर्ग स्टेशनपर्यंत आणि परत अशी एक शेवटची ट्रायल घ्यायची. भुरी वाटेत एकदा जरी भुंकली तर ती रिजेक्ट, ती इथेच राहील. नाही भुंकली तर जाईल. भाऊजींनी शब्द दिला, आणि त्यांचा शब्द म्हणजे रूळ.

त्या रविवारी अख्ख्या ब्लॉकनं देव पाण्यात घातले होते की ही बया एकदा तरी भुंको. पेटी सायकल रिक्षात, मागे सायकलवर भाऊजी, त्यांच्या मागे दुसऱ्या रिक्षात मी आणि नंदा. नंदानं रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, मोहन नगरातून घे. तिथल्या गल्लीतले कुत्रे म्हणजे साक्षात यमदूत. स्कूटरचा टायर फाडणारे. आले सगळे, पेटीभोवती रिंगण धरून जे तुटून पडले, की रिक्षावाला सीटवर उभा राहिला. पेटीतून हूं नाही की चूं नाही. पेटी रिकामी तर नाही, अशी त्यालाच शंका आली, "बाई, भीतर म कुकुर हे के नइ?" मी मनातल्या मनात म्हणत होते, भुंक गं बाई, तुझ्या पाया पडते, भुंक. स्टेशनवर मालगाडी धडधडत गेली, हमालाची ढकलगाडी पेटीला आपटली, नंदानं जाळीपाशी तोंड नेऊन म्याँव म्हणूनही पाहिलं. भुरी आपली पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून सुकटीची वाट पाहत बसलेली. घरी आल्यावर भाऊजींनी खिशातून खडू काढला आणि पेटीवर बरोबरची खूण केली. खडू दोनदा तुटला. नंदा जिना चढून वर गेली आणि त्या रात्री त्यांच्याकडे कोणी जेवलं नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पावसाळा सरता सरता व्हिसा आला. सासूबाईंनी नंदाची ओटी भरली आणि भुरीच्या कपाळाला कुंकू लावून गळ्यात खणाचा तुकडा बांधला, पाठराखणीचा मान म्हणून. भाऊजी दोघींना पोहोचवायला मुंबईपर्यंत गेले. नंदा नंतर कितीदा तरी सांगायची की तो पहिला हिवाळा तिनं भुरीच्या जोरावर काढला. खिडकीबाहेर बर्फ, नवरा ऑफिसात, आणि ही पायाशी. म्हणजे भाऊजींचं बरोबरच होतं. पाठराखीण पाहिजेच होती.

पण मला आठवतो तो भाऊजी मुंबईहून परत आले तो दिवस. सामान घेऊन ते वर गेलेच नाहीत, आमच्या ओसरीत बसले. मी विचारलं, कसं झालं? तर खुलून सांगायला लागले, "एकदम ए वन, वहिनी! दुर्ग ते मुंबई एक आवाज नाही. विमानवाला मले पुसते, जिंदा है ना?" मी हसले, तेही हसले.

"वहिनी," ते म्हणाले, "पेटी आत न्यायच्या आधी थोडी फुरसत भेटली होती. नंदी तिकडे कागद दाखवून राहिली होती. मी जाळीपाशी बसलो अन् हळूच म्हटलं, भुरे, भुंक. एक डाव भुंक माय, आत्ताच्या आत्ता तुले घरी घेऊन जातो."

"मग?"

"नाही भुंकली. तिले वाटलं, मी अजून परीक्षाच घेऊन राहिलो. मी म्हणो भुंक, अन् ते आतून नुसती शेपटी आपटे." भाऊजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "इतकं चांगलं शिकवायले नव्हतं पाहिजे."

चहा आणते म्हणून मी आत गेले, आणि दूध उतू जाऊन गॅस विझला तरी तिथेच उभी राहिले.