सोनेरी झाकण

ती घटना मला आजही आठवते, आणि खरे सांगायचे तर आठवली की माझी मान जरा ताठ होते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांत नावही झाले. पण अभिमान वाटतो तो एका बंद पडलेल्या ट्रकच्या प्रकरणाचा, ज्यात शेवटी गुन्हाच नोंदवला गेला नाही. घरात हे सांगितले की सगळे हसतात. हसू देत.

तेव्हा मी पेण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गणेशोत्सव जवळ आला की आमच्या ठाण्याची झोप उडते. मूर्तींच्या गाड्या निघतात, वडखळच्या नाक्यावर कोंडी होते, वरून पाऊस, आणि प्रत्येकाला आपलाच गणपती आधी पोचायला हवा असतो. अशाच एका सकाळी ठाणे अंमलदाराने एक फोन घेतला. नाव न सांगता पलीकडचा माणूस म्हणाला की कासूजवळ गणपतीचा ट्रक बंद पडलाय, त्याचा ड्रायव्हर डिझेल विकतो आणि टाकीत पाणी भरतो, त्याला पकडा. निनावी फोनबद्दल माझा एक ठोकताळा आहे. बोलण्यात माहिती कमी आणि राग जास्त असेल तर समजावे, कोणीतरी कोणावर तरी जळतोय. तरीही स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावून मी निघालो.

ट्रक नवा होता, रोह्याला निघालेल्या शाडूच्या मूर्तींनी भरलेला. ड्रायव्हर खाडीकाठच्या गावातला, मिठागरवाल्यांच्या घरातला. इंजिन बंद पडले होते आणि हा गडी त्याच्याकडे पाठ करून ताडपत्रीची टोके आवळत होता, मूर्तींना पाण्याचा थेंब लागू नये म्हणून. ते मी पाहून ठेवले. चोरी करणाऱ्याचे लक्ष सहसा मालाकडे नसते, पोलिसांकडे असते.

मालक माझ्याआधीच पोचला होता. पेणचा जुना वाहतूकदार, साऱ्या आयुष्यात ट्रकशिवाय दुसरे काही केले नाही असा माणूस. मिस्त्रीने फिल्टर खोलून बाटलीत थोडे इंधन काढले होते. वर डिझेल आणि खाली पाण्याचा थर स्वच्छ दिसत होता. मालकाने ती बाटली माझ्या नाकासमोर धरली.

"साहेब, हा माझ्या मिठाला जागला नाही. डिझेल विकलं आणि पाणी भरलं. पंप, नोझल, सगळ्याची वाट लावली माझ्या नव्या गाडीच्या. चोरीची केस घ्या."

मी म्हटले, आधी गणपती. हवालदाराने नागोठण्याकडून रिकामा येणारा टेम्पो अडवला, कासूची माणसे न बोलावता धावून आली, आणि हातोहात मूर्ती टेम्पोत चढल्या. एकाही मूर्तीची सोंड दुखावली नाही. दुपारी त्या रोह्याला पोचल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे मी जेवलो. ट्रक ओढून ठाण्याच्या आवारात आणला.

ड्रायव्हरला मी चौकशीसाठी समोर बसवले. माझी पद्धत सांगतो. आधी चहा, मग हकिकत, आणि हकिकत शेवटाकडून सुरुवातीकडे. पाठ केलेली गोष्ट उलटी सांगताना माणूस अडखळतो, घडलेली गोष्ट सांगताना अडखळत नाही. हा अडखळला नाही. आदल्या संध्याकाळी पेणच्या पंपावर डिझेल भरले. गाडी मूर्तींच्या कारखान्याच्या दारात लावली. सकाळी मूर्ती चढल्या, नारळ फुटला, तो निघाला. वडखळ सोडल्यावर गाडी ओढेना आणि कासूच्या अलीकडे बसलीच. एवढेच. बोलता बोलता त्याने सांगितले की सकाळपासून समोर युरियाचा दिवा लागलेला होता, शेठना तसे बोललो होतो, पण वाटेतही तो दिवा तसाच होता. मी ते ऐकले आणि तेव्हा बाजूला ठेवले.

पंपवाल्यावर संशय आहे का, असे मी त्याला विचारले. स्वतःला सोडवून घ्यायची आयती संधी होती.

"मी बघितलं नाय साहेब. बघितलं नाय त्याचं नाव कसं घेऊ?" आणि मग खाली मान घालून म्हणाला, "मला पायजे तर मारा. पण केस नको. डोलवीच्या कंपनीत गेटपास व्हायचाय. केस लागली तर तो गेला."

बाहेर पायरीवर त्याची आई उभी होती. मिठागरात राबून हातापायांची कातडी राठ झालेली बाई. आमच्या भागात कंपनीचा गेटपास म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचे नाही. शिफ्टची नोकरी, महिन्याला हातात पगार, आईचे पाय मिठातून बाहेर. पोलिसांच्या पडताळणीत एक शेरा वाकडा आला की सगळे संपले. मालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवणे मला अगदी सोपे होते. पण चोरी झाली आहे का हेच अजून ठरले नव्हते. म्हणून मी मालकाचा नुसता लेखी अर्ज घेतला आणि चौकशी सुरू ठेवली. मालक रुसला. रुसू दे म्हटले.

पंपावर माणूस पाठवला. तिथून त्याच संध्याकाळी इतर गाड्यांनीही डिझेल घेतले होते, कोणाची तक्रार नव्हती, नमुना स्वच्छ निघाला. म्हणजे पंप सुटला आणि ड्रायव्हरभोवतीचा फास आणखी आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः ट्रकपाशी गेलो. डिझेलच्या टाकीचे झाकण उघडले तर आतून तोंडाशी पांढरी भुकटी सुकून बसलेली. मालक उडालाच. मीठ आहे म्हणाला. खाडीचे पाणी ओतले, मिठागरवाल्याच्या पोराला दुसरे काय सुचणार. हवालदारानेही मान डोलावली. ड्रायव्हरच्या आईने ते ऐकले आणि तोंडाला पदर लावला.

मी आतल्या गावातला, भातशेती करणाऱ्याचा मुलगा. ती भुकटी चिमटीत धरली तेव्हा बोटांना काहीतरी ओळखीचे वाटले. आवाराबाहेर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला तवा तापवायला सांगितला आणि सगळ्यांना तिथे नेले. आधी त्याच्याच डब्यातले मीठ तव्यावर टाकले. ते तडतडले, उडाले. मग ती पांढरी चिमूट टाकली. ती गपचूप वितळली, आणि असा उग्र वास सुटला की टपरीवाला मागे सरला. गोठ्यातला मुताचा वास. भाताला खत टाकणारा कोणीही तो ओळखेल. तो युरिया होता.

मग मला तो दिवा आठवला. आताच्या नव्या डिझेल ट्रकना दोन टाक्या असतात. मोठीत डिझेल, आणि छोटीत धूर स्वच्छ करणारे युरियाचे पाणी. ते संपत आले की ड्रायव्हरसमोर दिवा लागतो आणि भरले की विझतो. हे पाणी चुकून डिझेलमध्ये गेले तर तळाशी बसते, दिसते पाण्यासारखे, आणि इंजिनाची वाट लावते. अशी चूक होऊ नये म्हणून कंपनी छोट्या टाकीला निळे झाकण देते. मी ड्रायव्हरला निळे झाकण दाखवायला सांगितले. त्याने दाखवले ते सोनेरी होते. डिझेलचेही सोनेरी. मी नखाने खरवडले. सोन्याखाली निळा निघाला.

कारखान्याच्या रंगाऱ्याला बोलावून घेतले. त्याला कसलाच अपराध वाटत नव्हता, उलट कौतुकाची अपेक्षा होती. पहिला गणपती ज्या गाडीत चढतो ती गाडी आम्ही रंगवतोच, असे त्याने सांगितले. गाडी रात्रभर दारात होती, मुकुटाचा उरलेला सोनेरी होता, आणि ते निळे झाकण फार विजोड दिसत होते. पेणच्या रंगाऱ्याच्या हातात ब्रश असला की काही कोरे राहत नाही.

आता एकच प्रश्न उरला. मालकाला मी सगळ्यांसमोर विचारला, कारण आरोपही त्याने सगळ्यांसमोरच केला होता.

"शेठ, युरियाचे कॅन कुठे असतात?"

"माझ्या खोलीत. कुलपात. ड्रायव्हर लोकांचा भरवसा नाही."

"आणि किल्ली?"

त्याचा हात कमरेला गेला आणि तिथेच राहिला. तो त्या दोन झाकणांकडे पाहत राहिला. एकाच टाकीच्या ट्रकांत आयुष्य काढलेला माणूस. सकाळी कारखान्याच्या दारात ड्रायव्हर पलीकडे ताडपत्री बांधत असताना, पावसाच्या घाईत, निळे झाकण दिसेना म्हणून हाताला लागले ते उघडून याने खोलीतून आणलेला कॅन रिकामा केला होता. रंग उडेल म्हणून झाकणही जपून लावले होते.

"मीच ओतला, साहेब," तो म्हणाला. मग ड्रायव्हरकडे वळून हात जोडू लागला, तर त्या पोराने ते वरच्यावर धरले.

फोन करणाराही सापडला. या नव्या गाडीवर डोळा असलेला दुसरा ड्रायव्हर होता. वाटेत ट्रक बंद पडलेला पाहून त्याने हात धुऊन घेतले होते. त्याला मी ठाण्यात बोलावून जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्या दिवशी मिस्त्री एक गोष्ट बोलला, ती मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. टाकीत चुकीचे काही गेले तरी किल्ली फिरवू नये. टाकी रिकामी करून धुतली की काम भागते. एकदा किल्ली फिरली की ते सगळीकडे पोचते आणि मग भरपाई नाही. गुन्हा नोंदवणे ही आमची किल्ली. समोर बाटलीत पाणी दिसत होते, फिर्यादी ओरडत होता, सगळे जुळत होते, आणि तरी मी ती फिरवली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे डोलवीच्या गेटपाससाठी त्या मुलाच्या पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. 'आक्षेपार्ह काही नाही' असे लिहून मी सही केली. एवढ्या आनंदाने केलेली सही मला दुसरी आठवत नाही.

त्याचा पहिला पगार झाल्यावर त्याची आई ठाण्यात आली. पदराखालून तिने एक पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ठाण्यात काही घेत नाही मावशी, असे मी म्हणणार, तोच तिने गाठ सोडली. आत जाडे पांढरे मीठ होते.

"माझ्या हातचं शेवटचं हाय," ती म्हणाली. "आता पोरगा जाऊ देत नाय मिठागरात. मीठच हाय साहेब, तव्यावर टाकून बघा."

मी हवालदाराला टपरीवर पाठवले नाही, स्वतः गेलो. ती माझ्या शेजारी उभी राहिली. मीठ तडतडले, उडाले, आणि ती बाई तोंडाला पदर लावून हसली.