तांब्याची तार आणि सीतेची वेणी

लग्नानंतर बायको पिंपरीला आली ती एक ट्रंक आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक झाड घेऊन. पन्नास सालानंतरच्या, कारखाने नुकते उभे राहत होते त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या नगरकडे झाडावर दुसरं झाड दिसलं की ते बांडगूळ, आणि बांडगूळ म्हटलं की कोयता. ती रत्नागिरीकडची. तिने मला समजावलं की हे कुणाचा रस शोषत नाही, नुसतं फांदीला धरून बसतं आणि हवेवर, पावसावर जगतं. मे महिन्यात गुलाबी फुलांचे लांब तुरे लोंबतात, म्हणून त्याला सीतेची वेणी म्हणतात. तिच्या अंगणातला आंबा त्या वर्षी तोडला होता. त्यावरचं एवढंच वाचलं होतं.

तिने सालीसकट आंब्याचा ओंडका आणि थोडा काथ्या मागितला. मी विजेच्या मोटारींना तार गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होतो, आणि हाताला कसब असलेल्या माणसाला साधं काम साधेपणाने करवत नाही. यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यातली एक फळी आणली आणि रंधा मारून गुळगुळीत केली. काथ्या कुजतो, लोखंड गंजतं, म्हणून साहेबांना विचारून भंगारातली तांब्याची तार घेतली. मुळांवरून आठ वेढे दिले, पकडीने आवळले आणि लेव्हल लावून फळी भिंतीला सरळ ठोकली.

ती म्हणाली, जरा कलती लावा, नाहीतर पानांच्या बेचक्यात पाणी साचेल. मी म्हटलं, कारखान्यात वाकडं काम चालत नाही. या उत्तरावर मी बरेच दिवस खूश होतो.

ती रोज दोनदा पाणी शिंपडायची. दसऱ्यापर्यंत मुळांची टोकं काळी पडली आणि खालची दोन पानं गळाली. तिने तक्रार केली नाही. ट्रंक मात्र अजून अर्धी भरलेलीच होती. लागेल ते काढायचं आणि पुन्हा कडी लावायची. बाळंतपणाला माहेरी जायचे दिवस जवळ आले तेव्हा जेवताना तिने सांगितलं की ती लवकर परत यायची नाही. बाळ मोठं होईपर्यंत तिकडेच राहीन, इथल्या हवेत आमच्याकडचं काही जगत नाही, असं म्हणाली. रुसवा नव्हता, ठरवून सांगत होती. मला भीती वाटली. पण मी भाकरी मोडत राहिलो.

चिखलीहून दूध घालायला एक मावशी येत. दुसऱ्या दिवशी बायको नळावर गेली असताना त्या फळीपाशी थांबल्या.

"तांब्याची तार व्हय ही? पान्यानं हिरवी झालीय बगा. हिरीच्या भितीत पिंपळ उगवला की आमी मुळांत मोरचूद घालतो, त्यो मराया. मोरचूद म्हंजी तांब्याचंच ईख. तुमी तर त्ये ह्याच्या गळ्यातच बांधलंय."

दोन दिवस मी तारेला हात लावला नाही. गुपचूप तार काढली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि दोष हवेवर जाऊन माझं कसब शाबूत राहिलं असतं. पण त्या हवेपायीच ती जाणार होती. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चप्पल न काढताच सांगितलं.

"हवेचं काही नाही. माझ्या तारेने मरतंय ते."

ती फळीजवळ गेली. हिरवट झालेले वेढे तिने बोटाने चाचपले.

"तार सोडवा," ती म्हणाली. "आणि मला न विचारता पुन्हा काही आवळू नका."

एका मुळाचं टोक अजून हिरवं होतं. मावशींनी आंब्याचा ओंडका आणून दिला. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तिने स्वतः झाड बांधलं, सैल, कलतं, पाणी निथळून जाईल असं. पूर्वेच्या वळचणीला, सकाळचं ऊन लागेल तिथे टांगलं. मला फक्त ओंडका धरायला सांगितलं. मी धरला. माझी फळी तिने चुलीत घातली.

ती गेल्यावर मी दर आठवड्याला पत्र लिहायचो. कारखान्यातून बारीक मापाचा व्हर्निअर आणून मुळाची लांबी मोजायचो आणि कळवायचो. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, मोजू नका, पाणी घाला.

परत यायचं तिने एकाही पत्रात लिहिलं नाही. चैत्रात मुलीला घेऊन ती आली. मुलगी माझ्या हातात दिली आणि सरळ वळचणीखाली गेली. मूळ सालीवर चपटं होऊन चिकटलं होतं. तिने नखाने हलकेच उचलून पाहिलं, ते सुटलं नाही.

"धरलंय," ती म्हणाली, आणि आत जाऊन ट्रंक रिकामी करायला बसली.