आप्पांच्या मशीनमधली तार

मला स्वस्थ बसता येत नाही. चहा उकळेपर्यंतसुद्धा मी ओट्यासमोर थांबत नाही; तेवढ्यात काहीतरी उघडते, पुसते, नाहीतर बिघडवून ठेवते. त्यामुळे आप्पांचं मशीन निपाणीहून माझ्या बेळगावच्या घरी आलं, तिथपासून नवा बोर्ड हातात पडेपर्यंतचे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत.

मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. माझे वडील, आप्पा, दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबायचे आणि गल्लीत लग्न असो, बारसं असो की विहारातली वंदना, हे पत्र्याचं जड धूड खांद्यावर घेऊन हजर व्हायचे. एका रेडिओ दुरुस्तीवाल्याजवळ बसून शिकत त्यांनी ते स्वतः जुळवलं होतं. पुढे गल्लीतल्या कितीतरी पोरांनी त्यावरच सोल्डरिंग शिकून घेतलं. मी जवळ गेले की मात्र, "लांब हो गं, झटका बसंल." पोरांना झटका बसत नाही काय, असं मी विचारायची आणि धपाटा खायची. शेवटी इरेला पेटून इलेक्ट्रॉनिक्सच शिकले. आता बेळगावात मुलांना तेच शिकवते.

यंदा मशीनमधून नुसती घरघर आणि जळका वास यायला लागला. बुद्ध पौर्णिमा दहा दिवसांवर होती. विहाराच्या मंडळींनी भाड्याचा स्पीकर आणायचं ठरवलं आणि ते ऐकून आप्पा भरल्या ताटावरून उठले, असं आईनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, मशीन माझ्याकडे पाठवा, पौर्णिमेला तेच वाजेल. आप्पांचं वाईट वाटलं हे खरं, पण माझा हेतू काही एवढा निर्मळ नव्हता. हे काम पोरीला जमतं, एवढं मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

मशीनमधला जुना सर्किट बोर्ड पार करपला होता. तसा आता मिळत नाही, पण त्याच्या जागी बसणारं किट मिळतं: कोरा बोर्ड आणि सुट्ट्या भागांची पुडकी. ते घरपोच आलं रविवारी सकाळी. दुपारी जेवणाआधीच मी सगळे भाग बसवून टाकले. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता, म्हणून तो जुनाच ठेवला आणि त्याच्या तारा नव्या बोर्डाला जोडल्या. वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते: आधी मीटर लावा, व्होल्टेज बघा, मग बोर्ड जोडा. मीटर कपाटात होता आणि कपाट चार पावलांवर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बटण दाबलं.

पहिल्या क्षणी घरघर अजिबात नव्हती. मी चक्क हसले. मग फटाक्यासारखा आवाज झाला, दोन कपॅसिटर फुटले आणि त्यातला कागद माझ्या केसांत येऊन पडला. किट पाठवणाऱ्याला तोंडाला येईल ते बोलले. मग मीटर काढला. ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेजच हवं त्यापेक्षा बरंच जास्त येत होतं. का, ते कळेना. पौर्णिमेला चार दिवस राहिले होते. दोन तास या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारल्या आणि शेवटी निपाणीला फोन लावला.

"आप्पा, नवा बोर्ड जळला."

"कंडेन्सर फुटलं व्हय?" कपॅसिटरला ते अजून कंडेन्सरच म्हणतात.

"व्हय."

"हात लावू नको. येतो मी."

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या बसनं आले. पाणीही न घेता मशीनसमोर फतकल मारून बसले. त्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून बोटांनीच चाचपत ट्रान्सफॉर्मरमागे गेले आणि काळ्या पट्टीत गुंडाळलेली एक मोकळी तार बाहेर ओढली. पूर्वी आमच्या गल्लीत संध्याकाळी बल्ब नुसता लाल दिसायचा, मशीनचा आवाज बसायचा. म्हणून आप्पांनी मेन लाइन ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या तारेला जोडून घेतली होती, म्हणजे लाइन कमी असली तरी बोर्डाला पुरेसं व्होल्टेज मिळायचं; पूर्ण लाइनसाठीची तार ही अशी मोकळी राहिली होती. पुढे गल्लीत विजेची नवी डीपी बसली, लाइट सुधारली, पण जोडणी तशीच राहिली. जुना बोर्ड त्यानंच हळूहळू भाजला आणि नवा एका दमात.

"पोरास्नी समद्यास्नी दावलंतं की हे," आप्पा म्हणाले. "गल्लीत कुणालाबी इचार."

"मला न्हाई दावलं."

मी हे फार तोडून बोलले. म्हातारा माणूस दीड-दोन तासांचा प्रवास करून आलेला. तरी मला वाईट वाटलं नाही. आप्पा हातातली तार नुसती फिरवत राहिले.

मग मीच म्हटलं, "मीबी मीटर लावला न्हाई."

"का?"

"दम निघंना."

खडेबाजारातून कपॅसिटर आणि जळालेले ट्रान्झिस्टर आणले. मी सोल्डरिंग करत होते आणि आप्पा बॅटरी धरून उजेड दाखवत होते. उजेड हलायचा, मी खेकसायची, ते निमूट पुन्हा नीट धरायचे. मेन लाइन त्या मोकळ्या तारेला जोडली, आधी मीटर लावला, मगच बोर्ड जोडला. मशीन वाजलं. आप्पांनी मान हलवली आणि जेवायला मागितलं. मी वाट बघत होते ते वाक्य काही आलं नाही. रात्रभर मी धुसफुसत होते.

पौर्णिमेला सकाळी विहारात मशीन मांडलं. मी माईकची वायर सोडवत होते. शेजारच्या काकांनी पत्र्यावर थाप मारून विचारलं, "आप्पा, आवाज लई साफ झाला की. कुणाकडनं करून आणलासा?"

"पोरीनं केलंय."

मी मान वर केली नाही. आप्पांचं बोलणं संपलं नव्हतं.

"मधी जळलंतं, ते माझ्यामुळं. गल्लीच्या पोरास्नी शिकवलं आन् घरातलीला लांब हो म्हणत ऱ्हायलो. लई चुकलं माझं."

लोक हात जोडून बसले होते. वंदना सुरू व्हायची होती, माईक उभा करायचा होता, आणि मी वायर हातात धरून तशीच बसून राहिले.