रफीकभाईंचा तोंडपाठ प्रोग्राम

रफीकभाई सकाळी ऑफिसात आले की आदल्या दिवशी लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी आधी खोडायचे. "एका ओळीत भागतंय, मग इतक्या कशाला रे?" म्हणत हसायचे. महाडला चवदार तळ्याजवळ एका माडीवर आम्हा दोघांचं ऑफिस होतं. सौदीतली नोकरी सोडून आल्यावर ते रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यात वेबसाइट बांधायची रेल्स ही चौकट स्वतःच नेटवर वाचून शिकले. मला त्यांनीच शिकवलं.

आमचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ट्रकवाल्यांची वेबसाइट. कोणाची गाडी कुठून रिकामी परत येतेय ते तिच्यावर दिसे, आणि पोलादपूरचा व्यापारीही घरबसल्या गाडी ठरवे. "रिकामी गाडी आंबेनळी घाट उतरताना बघवत नाय मला," ते म्हणायचे.

ती साइट चांगली चालू लागली, त्याच सुमारास त्यांची नजर अधू होऊ लागली. स्क्रीनवरची अक्षरं ते मोठी करत गेले. शेवटी एक शब्दही स्क्रीनवर मावेना. मुंबईच्या डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणलं, तर ते कोडमधली चिन्हंच गाळायचं. मग ते सांगू लागले आणि मी टाइप करू लागलो. कुठल्या फाइलमध्ये काय आहे, सगळं तोंडपाठ. "नजर जाऊ दे. हे तर माझ्याजवळ हाय," म्हणायचे.

पुढे साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्यांनी रेल्सची नवी आवृत्ती चढवली आणि आमची साइट बंद पडली. मी एरर वाचायचो, ते दुरुस्ती सांगायचे, काहीच चालेना. त्यांना पाठ असलेलं बरंच काही नव्या आवृत्तीतून काढून टाकलं होतं. मी नवी पद्धत वाचून दाखवू लागलो.

"थांब. परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी खुर्ची मागे सारली.

"ऐकून डोक्यात बसत नाय रे. मला बघायला लागतं."

दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसात आले नाहीत. साइट मी कशीबशी उभी केली आणि सांगायला त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"रफीकभाई, साइट चालू झाली."

"कशी केलीस?"

मी उत्साहानं सांगू लागलो. थोडं ऐकून त्यांनी हात वर केला.

"नको सांगू. जुनं पाठ हाय, तेवढं तरी राहू दे माझ्याजवळ."

भाभींनी चहा आणला, तो आम्ही प्यायलो. त्यानंतर ते वारेपर्यंत कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो. कामाचं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.